टर्बोचा श्वास आणि सडबरी हिलचा चढ

मागच्या हिवाळ्यात आमच्या डिझेल गाडीला एक खोड लागली. वेम्बलीहून हॅरोकडे जाताना सडबरी हिलचा चढ लागला, की बॉनेटखालून 'हुश्श' असा आवाज येई. मध्येच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, तर वर थोडी फुरफुर. गराजवाल्याने निदान केले, टर्बो गेला, नवा घाला. खर्च हजार पौंडांच्या वर! मी आता सॉफ्टवेअरवर पोट भरत असलो, तरी माझी डॉक्टरेट कॉम्प्रेसरमधल्या प्रवाहावर आहे. म्हणून होकार देण्याआधी मी म्हटले, "सहा महिन्यांपूर्वी तुम्ही बदललेला हवेचा पाईप जरा दाखवा." हे का, ते सांगतो.

टर्बो म्हणजे एका दांड्यावरची दोन चाके. वाया जाणाऱ्या एक्झॉस्टच्या जोरावर एक फिरते आणि दुसरे, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हे चाक जेमतेम ४-५ सेंटीमीटरचे, पण मिनिटाला १,५०,००० फेऱ्यांच्याही पुढे जाते.

आता पावसात धावणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. पाऊस सरळ पडत असला तरी त्याच्या तोंडावर तिरपा येतो, आणि सरी जितक्या संथ तितक्या अधिक तिरप्या. फिरणाऱ्या पात्यांना हवा अशीच तिरपी लागते, आणि पात्यांचा बाक ठरावीक तिरपेपणासाठीच घडवलेला असतो. चढावर इंजिन संथ फिरते, थोडीच हवा ओढते, पण दाब मात्र भरपूर मागते. तिरपेपणा वाढतो, हवा पात्याला धरून राहत नाही आणि टोकांपाशी उलटी फिरू लागते. ही खळबळ म्हणजेच तो 'हुश्श', साधारण ४ ते १२ किलोहर्ट्झचा. प्रवाह आणखी घटला, तर दाबलेली हवा कॉम्प्रेसरमधून मागे येते, दाब उतरला की पुन्हा पुढे जाते, पुन्हा मागे. याला सर्ज म्हणतात. असे धक्के वारंवार बसले, तर बेअरिंगला इजा होते.

तोंडाशी असलेल्या पाईपचे महत्त्व इथे कळते. तोंडाला लागूनच काटकोनी वळण असेल, तर हवा एका बाजूने जोरात आणि दुसऱ्या बाजूने रेंगाळत आत येते. प्रत्येक फेऱ्यात पात्यांना दोन्ही सोसावे लागते. वळण ऐसपैस ठेवून पाईप तोंडाकडे हळूहळू निमुळता केला, तर हवा सावरून आत जाते. दादरला धावत्या लोकलमध्ये चढणारा आधी गाडीच्याच दिशेने चार पावले धावतो ना? तसेच, तोंडाशी तिरप्या पट्ट्या बसवून हवेला चाकाच्याच दिशेने आधी थोडे फिरवले, तर धक्का कमी बसतो. मात्र दाब थोडा उतरतो. फुकट काहीच मिळत नाही!

इंग्लंडातलेच एक उदाहरण पाहा. हडर्सफील्डची होल्सेट कंपनी १९५२ साली सुरू झाली आणि १९७३ मध्ये कमिन्सकडे गेली. हीच कमिन्स कोथरूडकरांच्या ओळखीची. होल्सेटने चाकाभोवतीच्या कवचात एक खाच ठेवली. प्रवाह घटला, की टोकांपाशी कोंडलेली हवा त्या खाचेतून बाहेर पडून पुन्हा तोंडाशी येते, आणि सर्ज लांबतो. प्रवाह वाढला, की तीच खाच जादा हवा आत घेते. कंपनीच्या एफ. बी. फिशर यांनी १९८८ साली यावर निबंध मांडला. पण या खाचेतून पात्यांचा आवाजही बाहेर पडतो, म्हणून तिच्यापुढे आडोसा करावा लागतो. पुढे होल्सेटचे टर्बो टाटांच्या भागीदारीत देवासलाही बनू लागले. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली ज्या गावी राहायला आले, तेच हे देवास. श्वासाची किंमत त्या गावाला निराळी सांगायला नको.

तर आमचा पाईप. मूळ पाईपच्या जागी स्वस्तातला बसवला होता. वळण अगदी तोंडाशी, आणि तेही चेपलेले. टर्बोचा दांडा हलवून पाहिला, ढिला नव्हता. तेलही गळत नव्हते. मूळ घाटाचा पाईप बसवला आणि सडबरी हिलवर गाडी पुन्हा मुकाट चढू लागली.

मंडळी, प्रत्येक आवाज पाईपचाच असेल असे नाही. दांडा ढिला असेल किंवा तेल दिसत असेल, तर टर्बो खरेच गेलेला असू शकतो. पण मोठे बिल देण्यापूर्वी फिल्टरपासून टर्बोपर्यंतची वाट एकदा नीट पाहून घ्या. आणि 'जोरदार आवाज' हवा म्हणून पोरे मूळ पाईप काढून उघडा फिल्टर लावतात, त्यांनाही हे ऐकवा.

सौ. म्हणाली, "चला, तुमच्या डॉक्टरेटने घराला एकदा तरी पैसे मिळवून दिले!"