वारणेचा संगणक ते बांधावरचा मोबाईल : शेतकऱ्यानं काय शिकावं?

कोल्हापुरात शिवाजी पेठेत घर आणि करवीर, पन्हाळा नाहीतर राधानगरी तालुक्यात जमीन, अशी कुटुंबं पुष्कळ आहेत. एक भाऊ गावाकडं शेती बघतो, दुसरा पेठेत राहून नोकरी-धंदा करतो आणि घरातला शिकलेला मुलगा पुण्यात हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत असतो. पूर्वी अशा कुटुंबाला शेतीच्या कागदासाठी तलाठ्याच्या सज्जावर जावं लागायचं. आता सातबारा मोबाईलवर, पिकाची नोंद मोबाईलवर आणि अनुदानाचा अर्जही मोबाईलवर. निवृत्ती चौकात अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळ सांज-सकाळ जमणारी मंडळीसुद्धा हल्ली पाऊसपाण्याच्या बरोबरीनं ओटीपी आणि सर्व्हरच्या गोष्टी बोलतात.

मग प्रश्न पडतो, की हे सॉफ्टवेअर म्हणजे आहे तरी काय? ते कोण करतं, ते सारखं बदलतं का आणि त्यात आपला फायदा किती, धोका किती? नांगराचा फाळ झिजला तर आपल्याला डोळ्यांनी दिसतं. सॉफ्टवेअरचा फाळ दिसत नाही. म्हणूनच हा विषय शेतकऱ्यानं आणि गावकामगारानं समजून घेतला पाहिजे.

वारणेनं आधीच धडा दिला आहे

संगणक गावात आणण्याचा देशातला एक पहिला मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी परिसरात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी तो आखला होता. गावात संगणकाचं केंद्र, तिथं एक चालक आणि टेलिफोनच्या तारेनं वारणानगरशी जोडणी, अशी रचना होती. पीकसल्ला, बाजारभाव, शिक्षण, सरकारी दाखले असं सगळं तिथं मिळावं, असा मोठा विचार त्यामागं होता.

प्रत्यक्षात काय झालं? शेतकऱ्यानं त्या संगणकाचा उपयोग मुख्यतः एकाच कामासाठी केला, तो म्हणजे उसाचा हिशोब. आपला ऊस किती टन गेला, बिल किती निघालं, खताची मागणी नोंदली का, एवढं त्याला हवं होतं. त्यासाठी कारखान्यापर्यंतचा हेलपाटा वाचला, याचं त्याला मोल वाटलं. बाकीचे बेत मागं पडले. त्यातच संगणकाला वीज लागायची, टेलिफोनची तार धड असावी लागायची आणि बिघाड झाला की दुरुस्तीला माणूस शहरातून यायचा.

पुढं २००० नंतरच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातील मंडळींनी हे सगळं बारकाईनं पाहिलं. त्यांनी सात गावांत आठ महिने एक साधी गोष्ट करून बघितली. संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवला आणि एसएमएस पाठवून तोच हिशोब मिळण्याची सोय केली. संगणकावर होणारी सगळी कामं त्या एसएमएसवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही सोय जास्त पसंत पडली.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. यंत्र किती भारी, यावर त्याचा उपयोग ठरत नाही. शेतकऱ्याचं कोणतं अडलेलं काम त्यानं सुटतं, यावर ठरतो. नवं ॲप आलं, नवी योजना आली, की हीच फूटपट्टी लावा.

प्रोग्राम म्हणजे गुऱ्हाळाची काहील

सॉफ्टवेअर कसं तयार होतं, हे कोल्हापूरच्या माणसाला गुऱ्हाळावरून चटकन कळेल. रस काहिलीत पडला म्हणजे गूळ झाला असं होत नाही. मळी काढावी लागते, जाळ कमी-जास्त करावा लागतो, आणि गुळव्या पाक थंड पाण्यात टाकून गोळी धरते का ते बघतो. गोळी धरल्याशिवाय काहील उतरवत नाहीत.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. आधी काम काय करायचं ते ठरतं, मग प्रोग्राम लिहिणारे तो लिहितात, मग चाचणी घेणारे त्यातल्या चुका शोधतात. फरक एवढाच, की गूळ एकदा साच्यात घातला की झाला, सॉफ्टवेअर मात्र कधीच पुरं होत नाही. लोक वापरू लागले की नव्या चुका सापडतात, कायदा बदलतो, मोबाईल बदलतात. म्हणून 'अपडेट करा' असा निरोप वारंवार येतो. तो टाळू नका. जुन्या आवृत्तीवर भरलेली माहिती कधी कधी पुढं जातच नाही.

शेवटच्या आठवड्यात सर्व्हर का बसतो, तेही समजून घ्या. सर्व्हर म्हणजे दूर ठेवलेला मोठा संगणक. आपल्या सगळ्यांचे मोबाईल त्याच्याच दाराशी जातात. गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यासमोर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग लागते, तशीच रांग तिथं लागते. मुदतीच्या पहिल्या पंधरवड्यात काट्यावर गर्दी नसते. आपलं काम तेव्हाच उरकावं.

पिकाची नोंद : खरी जोखीम इथं आहे

आता मुद्द्याचं बोलू. सातबारा म्हणजे गावनमुना सात आणि गावनमुना बारा. सातमध्ये जमिनीचा मालक, बारामध्ये पीक. पूर्वी बारामधली नोंद तलाठी करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवरून करायची झाली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्या फोटोबरोबर जातात.

हे चांगलंच आहे. आपल्या शेतात काय उभं आहे हे आपल्याइतकं कोण जाणतं? पण अधिकार हातात आला की जबाबदारीही येते. नोंद झाली नाही तर उभ्या पिकाचा पुरावा सातबाऱ्यावर राहत नाही. मग पीक कर्ज, पीक विमा, हमीभावाची खरेदी, नुकसानभरपाई अशा प्रत्येक ठिकाणी अडचण येऊ शकते. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपल्या जिल्ह्यानं सोसला आहे. पाणी ओसरल्यावर शेतात पीक होतं की नव्हतं याचा वाद नको असेल, तर नोंद पाणी येण्याआधी झालेली बरी.

पेठेत राहणाऱ्या खातेदारांनी विशेष लक्ष द्यावं. घरात बसून ही नोंद होत नाही, शेतात जावं लागतं. स्वतःला जमत नसेल तर गावाकडच्या भावाच्या, पुतण्याच्या मोबाईलवरून करून घ्या. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. भाऊ-भाऊ वेगळे झाले असले, तरी या कामात एकमेकांना हात द्यावा. वरच्या रानातली रेंज गेली म्हणून काम सोडू नका. रेंजमध्ये आल्यावर नोंद अपलोड झाली का, हे मात्र नक्की बघा. 'फोटो काढला' म्हणजे 'नोंद झाली' असं नव्हे.

आणि उसाची नोंद विसरू नका. ऊस काय, वर्षभर उभाच आहे, त्याला कशाला नोंद, असं पुष्कळांना वाटतं. शेतात उभा असलेला ऊस कागदावरही उभा असला पाहिजे.

नावातली एक वेलांटी

सॉफ्टवेअरला माणूस ओळखता येत नाही, त्याला अक्षर ओळखता येतं. गावात 'पांडूतात्या' म्हटलं की सगळ्यांना कळतं. संगणकाला मात्र सातबाऱ्यावरचं 'पांडुरंग' आणि बँकेच्या पुस्तकातलं 'पांडूरंग' ही दोन वेगळी माणसं वाटतात. त्यात आधारवर इंग्रजीत नाव, सातबाऱ्यावर मराठीत नाव, कुठं आडनाव आधी, कुठं शेवटी.

ॲग्रिस्टॅक योजनेतला शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, याच जुळणीवर उभा आहे. राज्यात कृषी विभागाच्या योजनांच्या लाभासाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून आवश्यक केला आहे. आधार, सातबारा आणि मोबाईल यांची सांगड जुळली तरच गाडी पुढं सरकते. म्हणून अर्जाच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा आजच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून बघा.

सातबाऱ्यात लेखनाची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडं दुरुस्तीचा अर्ज करता येतो. वडील वारले आणि नाव अजून त्यांचंच असेल, तर वारसनोंद करून घ्या. त्यासाठी २०२५ साली राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीमही घेण्यात आली. मयत माणसाच्या नावानं ओटीपी येत नसतो! डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. वर्षातून एकदा तो काढून घरात चारचौघांत वाचावा, हे उत्तम.

भाव कळला म्हणजे भाव मिळाला का?

तंत्रज्ञानाच्या धंद्यात दर काही वर्षांनी नवी लाट येते. २००७ साली रॉयटर्सनं महाराष्ट्रात शेतकऱ्यांना पैसे घेऊन एसएमएसवर बाजारभाव आणि हवामान कळवण्याची सेवा सुरू केली. पुढं अर्थशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी राज्यातल्या १०० गावांत तिची तपासणी केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं, की एसएमएस घेणाऱ्या शेतकऱ्यांना मिळालेल्या दरात सरासरीनं लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही.

याचा अर्थ माहिती निरुपयोगी असा नाही. माल साठवायला जागा, दुसऱ्या बाजारात न्यायला वाहन आणि चार दिवस थांबायला हातात पैसा असेल, तरच भावाच्या माहितीचा पैसा होतो. २०१६ साली सुरू झालेल्या ई-नामलाही हेच लागू आहे. ॲपच्या जोडीला गोदाम, सोसायटी आणि शेतकरी गट हवेच.

आता लाट आहे कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे एआयची. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टनं उसावर तिचे प्रयोग केले. राज्य सरकारनं २०२५ साली कृषी-एआय धोरण मंजूर केलं असून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरवली आहे. उपग्रहाचं चित्र, जमिनीतल्या ओलाव्याचं यंत्र आणि हवामानाचे आकडे एकत्र करून पाणी किती, खत किती, याचा सल्ला ते देतं. मात्र हे यंत्र आधी शिकवावं लागतं. वारणाकाठच्या काळ्या रानावर शिकलेलं यंत्र गगनबावड्याच्या तांबड्या मातीत आणि धो-धो पावसात तसंच चालेल, असं धरून चालू नका. विकायला येणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, "हे आमच्यासारख्या जमिनीवर किती हंगाम तपासलंय?" आधी पाच-दहा गुंठ्यांवर बघा, मग पुढं जा.

चोरवाटांपासून सावध

'पीएम किसान'च्या नावानं व्हॉट्सॲपवर एपीके नावाची फाईल येते. ती उघडली की मोबाईल चोराच्या ताब्यात जाऊन बँकेतले पैसे जाण्याचा धोका असतो. सरकारी ॲप नेहमी प्ले स्टोअरवरूनच घ्या. ओटीपी म्हणजे आपली सही. कोऱ्या कागदावर सही देत नाही, तसा फोनवर ओटीपी सांगू नका. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. शेतीच्या शंकांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक आहे.

गावानं काय करावं

ग्राममहसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी आणि सोसायटीचे सचिव यांना एक विनंती आहे. हंगामाच्या सुरुवातीला एक दिवस ठरवून गावातल्या चार-पाच शिकलेल्या मुला-मुलींना बांधावर न्या आणि नोंद कशी करायची ते शिकवा. वयस्कर खातेदार, एकट्या राहणाऱ्या भगिनी आणि साधा फोन वापरणारे यांची यादी करा, त्यांची नोंद आधी करून घ्या. चावडीत एक वही ठेवा. कोणत्या तारखेला, कोणत्या गटात, ॲपनं कोणती अडचण दाखवली, ते त्यात लिहा आणि दर महिन्याला तालुक्याला कळवा. 'ॲप चालत नाही' एवढंच म्हटलं तर वर कुणालाच काही कळत नाही. 'अमुक गट नकाशावर दिसत नाही' असं कळवलं तर दुरुस्ती करता येते.

आणि पेठेतल्या, गावातल्या ज्या मुलांनी हिंजवडी-बंगळूरची वाट धरली आहे, त्यांच्याशीही बोला. प्रोग्राम लिहिणाऱ्याला चिखलात उभं राहून, ओल्या बोटानं, भर उन्हात मोबाईलचा पडदा बघायचा म्हणजे काय, हे कुणीतरी सांगायला हवं. सुट्टीला गावी आलेल्या आपल्या मुलाला एकदा बांधावर घेऊन जा आणि पिकाची नोंद त्याच्याच हातानं करवून घ्या. नोंदही होईल आणि शेतकऱ्याला काय लागतं, तेही त्याला कळेल.