एकखांबी तंबू : बंगळुरूचे फुटबॉल क्लब चालतात कशावर?

आज एका साध्या प्रश्नावर बोलू. फुटबॉलचा एखादा छोटा क्लब चालतो कशावर? बूट, चेंडू, मैदानाचं भाडं, प्रशिक्षकाचा पगार, बाहेरगावच्या सामन्याचा प्रवास. हे पैसे येतात कुठून? आणि यायचे थांबले की काय होतं?

उदाहरणाला बंगळुरू घेऊ. आपण ते आयटीचं शहर म्हणून ओळखतो, पण तिथलं फुटबॉल आयटीहून कितीतरी जुनं आहे. मुंबईचा रोव्हर्स कप पहिल्यांदा एका भारतीय संघानं जिंकला तो १९३७ साली, आणि तो संघ होता ‘बंगलोर मुस्लिम्स’. पुढच्या वर्षी त्यांनीच तो पुन्हा जिंकला. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा पहिला गोल केला सारंगपाणी रमण यांनी. तेही बंगळुरूचेच. हलसूरजवळच्या गौतमपुरा वस्तीत तर आंबेडकर, बुद्ध आणि मदर तेरेसा यांच्या सोबतीला पेलेचा पुतळा उभा आहे.

म्हणजे इथं खेळाडूंची वाण नाही आणि खेळावरच्या प्रेमाचीही नाही. तरी क्लब टिकवणं इथं अवघडच गेलंय. असं का?

पहिला खांब : नोकरी

कितीतरी वर्षं बंगळुरूचं फुटबॉल सरकारी कारखान्यांनी सांभाळलं. हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएल, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज म्हणजे आयटीआय, शिवाय लष्कराचे संघ. पद्धत सोपी होती. मुलगा चांगला खेळतो ना, मग त्याला कारखान्यात नोकरी द्यायची. पगार कंपनीचा, सराव ड्युटीचा भाग, आणि खेळ संपला तरी नोकरी कायम. गरीब घरातल्या मुलासाठी याहून मोठं बक्षीस कुठलं? आई-वडील पोराला मैदानावर पाठवायचे, कारण मैदानाच्या पलीकडे पेन्शन दिसत होती.

पण या तंबूला खांब एकच होता. कंपनीची भरती आटली की नवे खेळाडू येणं थांबतं. एचएएलचा संघ आय-लीगपर्यंत पोचला होता. २०११-१२च्या हंगामानंतर तो खालच्या श्रेणीत गेला, आणि देशाच्या पहिल्या श्रेणीतलं कारखान्याच्या संघाचं बंगळुरूपुरतं पर्वही मागं पडलं.

दुसरा खांब : मालक

२०१३ साली जेएसडब्ल्यू समूहानं बंगळुरू एफसी काढला. सुनील छेत्री कर्णधार, आणि पहिल्याच हंगामात आय-लीगचं विजेतेपद. २०१६ मध्ये एएफसी कपची अंतिम फेरी, २०१८-१९ मध्ये इंडियन सुपर लीगचं विजेतेपद. प्रेक्षकही जमले. पश्चिमेकडच्या गॅलरीत बसणाऱ्या पाठीराख्यांनी ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ नाव घेतलं आणि नव्वद मिनिटं उभं राहून गाणं म्हणायची सवय शहराला लावली.

आता ऑगस्ट २०२५ आठवा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता. नवा करार होईना. लीग होणार की नाही, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा बंगळुरू एफसीनं जाहीर केलं, की पहिल्या संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार बेमुदत थांबवत आहोत. एवढा मोठा मालक, एवढे चषक, आणि तरी ही वेळ. प्रायोजक, तिकिटं, प्रक्षेपण, सगळं एकाच लीगला बांधलेलं होतं.

पण त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती. मुलांच्या फुटबॉल शाळा मात्र चालू राहतील, असं क्लबनं सांगितलं. छोट्या क्लबांनी नेमकं हेच वाक्य पुन्हा वाचावं.

छोट्यांचं गणित

फुटबॉल शाळेची फी दर महिन्याला येते. लीग असो वा नसो, शनिवारी सकाळी मुलं येतातच. समजण्यापुरता एक हिशेब करू. दीडशे मुलं, प्रत्येकी महिना दोन हजार, म्हणजे तीन लाख. पंचवीस जणांच्या मोठ्या संघाला प्रत्येकी दहा हजार मानधन द्यायचं तर अडीच लाख लागतात. प्रशिक्षक आणि मैदान धरलं की गणित तुटतं. मग संध्याकाळी तेच मैदान ऑफिसातून सुटलेल्या मंडळींना तासाच्या भाड्यानं द्यायचं. रविवारी कंपन्यांच्या स्पर्धा घ्यायच्या. हलसूरच्या साउथ युनायटेडसारख्या क्लबानं अकादमी आणि मैदान यांनाच पाया मानलं, ते याचसाठी. ज्याच्या हाती मैदान, त्याच्या हाती कमाई. ज्याला मैदान नाही, तो भाडं भरण्यातच थकतो.

आणखी एक उत्पन्न आहे, पण ते कागदावर अवलंबून असतं. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर फिफाच्या नियमानं त्या रकमेचे पाच टक्के त्याला बारा ते तेवीस वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. मात्र मुलगा त्या काळात तुमच्याकडे रीतसर नोंदलेला असायला हवा. वहीत नाव नसेल तर घडवलं तुम्ही आणि हातात काहीच नाही.

आता यातली खरी अडचण. फी भरणारा मुलगा सोसायटीतला. गौतमपुऱ्यातला मुलगा दोन हजार कुठून आणणार? जुन्या पद्धतीत कारखाना त्याला पैसे द्यायचा, नव्या पद्धतीत क्लब त्याच्याकडे पैसे मागतो. म्हणून जो क्लब दर आठ-दहा फी भरणाऱ्यांमागे एक जागा मोफत ठेवतो, तो उपकार करत नाही. तो आपला उद्याचा सेंटर फॉरवर्ड राखून ठेवतो.

तिसरी गोष्ट : आपलेपणा

पैसे झाले, पण माणसं? बंगळुरूत स्थानिक लीगचे सामने बरेचदा कामाच्या दिवशी दुपारी होतात. बघायला कोण येणार? फी भरणारे पालक मुलाचा सराव बघतात, क्लबचा मोठा संघ त्यांना ठाऊकही नसतो.

आता पुणे-बंगळुरू महामार्गानं वर या, कोल्हापूरला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ भिडले की हजारो लोक तिकीट काढून येतात. का? कारण क्लब म्हणजे तालीम, तालीम म्हणजे पेठ, आणि पेठ म्हणजे आपण. हा आपलेपणा जाहिरातीनं विकत मिळत नाही. पण कोल्हापूरचीही एक बाजू लंगडी आहे. तिथून अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला, पण घडायला त्याला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. एका शहरात अकादमी आहे, पेठ नाही. दुसऱ्यात पेठ आहे, अकादमी कमी पडते.

दोन्ही एकत्र कसं जमतं, ते आयर्लंडमध्ये बघा. शेजारी इंग्लंडची श्रीमंत लीग, त्यामुळे तिथले क्लब छोटेच. डब्लिनचा शॅमरॉक रोव्हर्स १९८७ मध्ये मैदान गेल्यावर बावीस वर्षं बेघर होता. २००५ मध्ये पाठीराख्यांनी क्लब ताब्यात घेतला, आणि २००९ मध्ये तो स्थानिक परिषदेच्या मालकीच्या स्टेडियमवर गेला. १८९०चा बोहेमियन्स तर सभासदांच्याच मालकीचा. त्यांनी जर्सीवर निर्वासितांच्या स्वागताचा संदेश छापला आणि ती जर्सी आयर्लंडबाहेरही खपली. मैदान लोकांच्या पैशाचं, मालकी सभासदांची, कमाई अनेक वाटांची. एक वाट बंद झाली तरी तंबू पडत नाही.

मंडळी, तुम्ही बेळगावात असा, इंदुरात, बडोद्यात की बंगळुरूत, तुमच्या जवळ एखादा क्लब नक्की असेल. एकदा सामन्याला जा. तिकीट असेल तर फुकटचा पास मागू नका. सभासद होता येतं का विचारा. आणि तुमचा मुलगा किंवा मुलगी तिथं खेळत असेल, तर नोंदणी झाली आहे ना, एवढं पाहा. एका मोठ्या देणगीनं क्लब एक हंगाम काढतो. शंभर सभासदांच्या वर्गणीवर तो पुढच्या हंगामाचा विचार करू शकतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.