बांधीच्या धुऱ्यावरून गोंदिया

गोंदियाची माहिती देणारी कोणतीही प्रवासी पुस्तिका उघडा. पहिल्याच ओळीत 'धानाचे शहर' असे लिहिलेले असते आणि पुढे शेवटच्या पानापर्यंत धान कुठेच भेटत नाही. नागझिरा, नवेगावबांध, हाजरा धबधबा, कचारगड, प्रत्येकी चार ओळी. पाहुणा मुंबई-हावडा मार्गावरच्या गाडीतून उतरतो, जीप ठरवतो आणि थेट जंगल गाठतो. वाटेत दोन्ही बाजूंना ज्या बांध्या लागतात, त्यांच्याविषयी त्याला कुणी अक्षरानेही काही सांगितलेले नसते. आमच्याकडे धानाच्या बांधबंदिस्त शेताला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या बांधाला धुरा. हे दोन शब्दसुद्धा त्या पुस्तिकांत नाहीत.

माझ्याजवळ अशी एक जुनी पुस्तिका आहे. गेली काही वर्षे मी ती पेन्सिलीने दुरुस्त करतो आहे. सुरुवात झाली ती एका पाहुण्यांमुळे. पुण्याचे एक निवृत्त शिक्षक ती पुस्तिका हातात धरून आले होते आणि 'छोट्या लाईन'ने बालाघाट, नैनपूर करत जबलपूरपर्यंत जायचे म्हणत होते. अडीच फुटी रुळांची ती गाडी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून सातपुडा चढू लागली आणि तिनेच या गावाचे जंक्शन केले. डोंगरातला माल छोट्या गाडीने खाली यायचा आणि इथे मोठ्या गाडीत चढायचा. तेंदूपत्ता, लाख, लाकूड, धान अशा साऱ्या मालाची चढउतार गोंदियात. पण गोंदिया-बालाघाट रूळ रुंद होऊन बरीच वर्षे झाली होती, आणि २०१५ च्या पावसाळ्यानंतर सातपुड्यातला उरलेला अरुंद मार्गही बंद झाला. आता थेट रुंद मार्ग आहे. पाहुणे फलाटावर बराच वेळ उभे राहिले. त्यांची फसगत पाहून मला फार वाईट वाटले. पुस्तिकेत जे छापले ते कोणे एके काळी खरे होते, पण कुणीही पुन्हा येऊन पाहिले नव्हते.

अशा चुका पुष्कळ निघाल्या. गोंदियाहून नागझिऱ्याला जाणाऱ्याला साकोलीकडच्या पिटेझरी फाटकाचा रस्ता सांगितला जातो. मंगेझरी आणि चोरखमारा ही फाटके आपल्या बाजूची, हे सांगत नाहीत. नागझिरा आणि नवेगाव यांना एकत्र करून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. तरी कित्येक ठिकाणी अजून १९७० चे अभयारण्य आणि १९७५ चे राष्ट्रीय उद्यान एवढेच लिहिलेले असते. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. अशी माहिती तारीख घालूनच छापावी. एवढे केले की निम्मे काम होते.

खरे काम पुढेच आहे. गोंदिया स्थळांच्या यादीत मावत नाही, तो पाण्याच्या वेळापत्रकावर चालतो. पाऊस पडला की पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकायचे, आषाढ-श्रावणात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे हलके धान कापायचे, मग भारी धान, मग चुरणे, म्हणजे मळणी. त्याच बांधीत जुलैत आरसा असतो, सप्टेंबरात हिरवे अंग, नोव्हेंबरात सोने आणि मार्चमध्ये भेगा. कोणत्या महिन्यात यायचे हे सांगितल्याशिवाय काय पाहायचे हे सांगताच येत नाही. माझ्या दुरुस्त प्रतीत म्हणूनच पहिले पान नकाशाचे नसून बारा महिन्यांचे आहे.

या वेळापत्रकाच्या मुळाशी तलाव आहेत. १९०८ साली रसेल यांनी संपादित केलेल्या भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तलावांना आणि ते बांधणाऱ्या कोहळी समाजाला मानाचे स्थान आहे. गोंदिया तेव्हा भंडाऱ्यातच होता. वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. इंग्रज अधिकाऱ्याला सारा वसूल करायचा होता, म्हणून त्याने पाणी नीट पाहिले. आपण पाहुण्याला आनंद द्यायला निघालो आणि पाणीच गाळले, याची मला खंत वाटते. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५० च्या कायद्याने संपली, मालगुजारांचे तलाव सरकारकडे गेले आणि 'माजी मालगुजारी'चे 'मामा तलाव' झाले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात घातला अशी परंपरा आहे. भोवती सात टेकड्या, त्यांना सात बहिणी म्हणतात. कोहळ्यांनी सगळीकडे भिंत घातली नाही. डोंगरांनी जिथे फट ठेवली तेवढीच पाळ घालून पाणी अडवले. पाळीवर उभे राहून ती फट दाखवून द्या. तलाव सुंदर आहे हे पाहुण्याला कळतेच, तो कुणी कसा केला हे आपण सांगितले तरच कळते. लेखक मारुती चितमपल्ली नवेगावच्याच जंगलात वनाधिकारी होते आणि इथल्या ढिवर-गोंडांकडून पाखरांची, झाडांची नावे शिकले. त्यांनी जे केले तेच मार्गदर्शिका लिहिणाऱ्यानेही करावे: स्थानिकांना विचारावे आणि त्यांचाच शब्द ठेवावा.

धान, तलाव आणि पाहुणा यांना एकत्र आणणारा पक्षी म्हणजे सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, उभा राहिला तर माणसाच्या डोळ्याला डोळा भिडेल असा. महाराष्ट्रात त्याची वीण आता जवळजवळ गोंदियापुरतीच उरली आहे. शेजारच्या भंडाऱ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि वाघ-वैनगंगेपलीकडे बालाघाटात काही. आपल्याकडची संख्याही मोजकीच. ऐन पावसाळ्यात तो बांधीच्या मधोमध धान आणि पाणगवत उपटून घरटे रचतो. एका धुऱ्यावरून मी ते पाहिले आहे. हिरव्या धानात पाटीएवढा नव्हे, चांगला खाटेएवढा गवताचा ढीग, त्यावर दोन फिकट अंडी, भोवती पाण्याचा खंदक. मादी उठली, चोचीने अंडी हलकेच फिरवली, आणि नर आला तेव्हाच बाजूला झाली. दोघे आळीपाळीने महिनाभर असे बसतात. त्या ढिगाखाली शेतकऱ्याचे जेवढे धान गेले तेवढे गेलेच. मी विचारले तर शेतकरी म्हणाले, "राहू द्या जी, दरसालचं जोडपं आहे." 'सेवा' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी अशा शेतकऱ्यांना सारसमित्र म्हणून जोडले आहे, दर उन्हाळ्यात पहाटे एकाच वेळी तळ्यातळ्यावर बसून मोजणी होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या पक्ष्याची दखल स्वतःहून घेतली आहे.

तरी सारस मरतात. कीटकनाशकाने मरतात आणि बांध्यांवरून गेलेल्या विजेच्या तारांना धडकून मरतात. इथे मला दक्षिण कोरियातल्या सुनचॉन या छोट्या शहराची आठवण होते. तेही धानाचे गाव, खाडीकाठी, आणि तिथे हिवाळ्यात काळसर अंगाचे, पांढऱ्या मानेचे क्रौंच उतरतात. २००९ मध्ये त्या शहराने क्रौंचांच्या वाटेतले विजेचे २८२ खांब शेतांतून उपटून काढले. पुढच्या वर्षांत तिथे येणारे क्रौंच वाढत गेले. त्या शहराची ओळख सांगताना आज लोक ते खांबसुद्धा सांगतात. म्हणजे मार्गदर्शिकेतले पान आधी शेतात सुधारले, मग कागदावर. गोंदियाने सारसाच्या वाटेतल्या तारा जमिनीखाली घातल्या, तर आपल्या पुस्तिकेला त्याहून मोठे पान मिळणार नाही.

सारसाबद्दल लिहिताना एक गोष्ट मात्र मी मुद्दाम गाळतो. घरट्याच्या गावाचे नाव छापायचे नाही. छायाचित्रासाठी बांधीत उतरलेला एक माणूस अख्खा हंगाम वाया घालवू शकतो. पाहुण्याने नोव्हेंबरनंतर यावे, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांत पिल्लासह फिरणारे जोडपे रस्त्यावरून पाहावे.

कचारगडाबद्दलही असेच भान हवे. सालेकसा तालुक्यात धनेगावजवळ ती प्रचंड गुहा आहे आणि पुस्तिकांत तिची नोंद 'साहसी सहल' म्हणून होते. गोंड समाजासाठी ते पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांचे ठिकाण, कोया वंशाच्या मुलांची सुटका जिथे झाली ती जागा. माघ पौर्णिमेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून माणसे येतात, दरेकसा स्थानकावर उतरून चालत जातात. आधी हे लिहावे, चढण किती ते नंतर.

अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. ऐन हिवाळ्यात जाल तर पुष्कळ दारांना कुलपे दिसतील, कारण घरातली माणसे शहरोशहरी स्वेटर विकायला गेलेली असतात. लोसारच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या, सुमारास, फेब्रुवारी-मार्चात, जावे. एवढी एक ओळ एखाद्याचा दिवस वाचवते.

आणि दिवाळी. बलिप्रतिपदेला गोधन, गोवारींचे नृत्य, आणि भाऊबीज होते न होते तोच मंडईचा हंगाम सुरू. एकेक गाव आपापला दिवस धरते. दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. लेकीबाळी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात, धान विकल्याचा पैसा थोडा मोकळा होतो. मंडईची तारीख कोणत्याही छापील पुस्तिकेत देता येत नाही, गावकरी दरवर्षी बसून ठरवतात. मी माझ्या प्रतीत तिथे तारखेऐवजी वाट लिहिली आहे: भाऊबीजेनंतर गोंदियाच्या बसस्थानकावर आमगाव, गोरेगाव, तिरोड्याच्या गाड्यांपाशी उभे राहा, हातात नवे कपडे आणि मिठाईचा पुडा घेतलेल्या माणसाला विचारा, "आज मंडई कुठं जी?" तो गाव सांगेल, बहुधा सोबतही नेईल. त्या पुण्याच्या शिक्षकांना यंदा मी हेच पान पाठवले आहे.