एकच पंख का तापवत नाहीत?

मर्यादेचं भान म्हणजे काय, हे आज आपण विमानाच्या उदाहरणावरून पाहू. पंखावर बर्फ धरला की त्याचा आकार बिघडतो आणि उचल घटते. म्हणून एअरबस ए-३२० मध्ये इंजिनातली दाबलेली गरम हवा पंखाच्या पुढच्या कडेत सोडतात. केबिनमधला दाबही याच हवेवर टिकतो.

आता समजा, एका इंजिनाकडून हवा येणं थांबलं. मधली झडप उघडून दुसऱ्याची हवा दोन्ही पंखांना देता येते. पण मग केबिनला हवा पुरवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद ठेवावं लागतं. एका विहिरीवर दोन मळे भिजवायचे, तर पाळ्या आल्याच!

पण पंखातली नळीच गळत असेल तर? झडप उघडली, तर चांगल्या इंजिनाची हवाही गळतीतून पंखाचे आतले भाग तापवील. म्हणून ती बंदच ठेवायची. मग निदान चांगला पंख तरी तापवावा, असं आपल्याला वाटेल. पण एक पंख स्वच्छ आणि दुसरा बर्फाळ, म्हणजे उचल असमान. विमान एका बाजूला कलू लागेल. त्यामुळे वैमानिक दोन्ही पंखांचं तापवणं सोडतो आणि बर्फ धरणारे ढगच टाळतो.

उरलेलं बळ वापरता येतं, एवढ्यावरून ते वापरावंच असं ठरत नाही. आपला प्रश्न इथूनच सुरू होतो.