पेढीवरचा उमेदवार आणि आकाश पाहणारे डॉक्टर

ब्रेमेन हे जर्मनीतील जुने व्यापारी बंदर. तेथील कुलेनकाम्प यांच्या आयात-निर्यातीच्या पेढीवर 1799 च्या जानेवारीत चौदा वर्षांचा एक मुलगा उमेदवारीसाठी दाखल झाला. त्याचे नाव फ्रीडरिश विल्हेल्म बेसेल. करार सात वर्षांचा आणि काम बिनपगारी. मुलगा मात्र हिशेबात इतका चोख निघाला, की मालकांनी पुढे आपणहून त्याला थोडे वेतन सुरू केले. चोख जमाखर्चाची किंमत जगातील सर्व पेढ्यांवर सारखीच असते.

जहाजावर मालाचा प्रतिनिधी म्हणून परदेशी जावे, ही बेसेलची आकांक्षा होती. त्यासाठी तो रात्री जागून भूगोल, परकीय भाषा आणि नौकानयनाचे गणित शिकू लागला. भर समुद्रात आपले स्थान ताऱ्यांवरून काढावे लागते, म्हणून ओघानेच खगोलशास्त्र आले. सुतार व घड्याळजी यांच्या मदतीने त्याने कोन मोजण्याचे एक साधे यंत्र करवून घेतले आणि चंद्राआड जाणाऱ्या ताऱ्याच्या वेळेवरून ब्रेमेनचे रेखांश काढले. व्यापारासाठी आरंभलेला अभ्यास त्याला व्यापाराबाहेर नेऊ लागला होता.

त्याच शहरात डॉक्टर हाइनरिश ओल्बर्स राहत. दिवसा रुग्ण आणि रात्री आकाश, असा त्यांचा दिनक्रम. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी स्वखर्चाने वेधशाळा उभारली होती. 1802 मध्ये त्यांनी पॅलास आणि 1807 मध्ये व्हेस्टा हे लघुग्रह शोधले. धूमकेतूची कक्षा काढण्याची त्यांची पद्धत तर व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञही वापरीत. तरीही ते अखेरपर्यंत हौशी निरीक्षकच राहिले.

1804 च्या जुलैमध्ये वीस वर्षांच्या बेसेलने रस्त्यात या डॉक्टरांना गाठले आणि आपले हस्तलिखित दाखवण्याची परवानगी मागितली. हॅलेचा धूमकेतू 1607 मध्ये दिसला असता इंग्रज निरीक्षक टॉमस हॅरियट याने घेतलेल्या नोंदींवरून बेसेलने त्याची कक्षा काढली होती. ओल्बर्स यांनी तो लेख ‘मोनाटलिशे कोरेस्पोंडेन्झ’ या नियतकालिकात छापवून आणला. या नावाचा अर्थ मासिक पत्रव्यवहार. त्या काळी विज्ञान बरेचसे पत्रांतूनच चालत असे. दोघांचाही पत्रव्यवहार येथूनच सुरू झाला. एकाच गावात राहून ते एकमेकांना पत्रे लिहू लागले.

खरी कसोटी 1806 मध्ये आली. करार संपत आला होता आणि पेढीवर चांगल्या पगाराची, बढतीची जागा समोर होती. दुसरीकडे जवळच्या लिलिएनथाल गावी श्रोएटर यांच्या खाजगी वेधशाळेत तुटपुंज्या मानधनाची सहायकाची जागा. तिच्यासाठी शिफारस ओल्बर्स यांनीच केली होती. स्वतः वैद्यकी न सोडलेल्या माणसाने दुसऱ्याला धंदा सोडावयास सुचवावे, हे वरवर विचित्र वाटेल. परंतु या तरुणाची कुवत त्यांनी दोन वर्षे जवळून पारखली होती, आणि पतपारखी माणूस सर्वांना एकच सल्ला देत नाही. बेसेलने पेढी सोडली.

1810 मध्ये बेसेल दूर पूर्वेकडील क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेचे प्रमुख झाले. आता भेटी दुर्मीळ झाल्या, पत्रे मात्र चालूच राहिली. त्यांत धूमकेतूंची स्थाने आणि गणिते आहेत, तशीच प्रकृतीची व घरातील सुखदुःखांची विचारपूसही आहे. उतारवयात ओल्बर्स यांना कन्या आणि पत्नी यांचा वियोग सोसावा लागला. वैद्यकी सुटली, पण आकाश सुटले नाही.

बेसेल यांनी पेढीवरची सवयही सोडली नाही. यंत्राची प्रत्येक चूक मोजावयाची, तिची नोंद ठेवावयाची आणि हिशेबातून ती वजा करावयाची, हा त्यांचा परिपाठ. दोन निरीक्षक एकच घटना किंचित वेगळ्या वेळी नोंदवतात, हा माणसामाणसांतील फरकही त्यांनी मोजला. याच काटेकोरपणामुळे 1838 मध्ये हंस तारकासमूहातील 61 क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर त्यांना ठरवता आले. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना हा तारा एका अंशाच्या सुमारे साडेअकरा हजाराव्या भागाइतका सरकलेला दिसतो. त्यावरून अंतर निघाले सुमारे 10.3 प्रकाशवर्षे, आजचे मोजमाप 11.4 आहे. ताऱ्याचे अंतर इतक्या खात्रीने यापूर्वी कोणी सांगितले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या 11 तारखेस ओल्बर्स यांना 80 वर्षे पूर्ण झाली. खगोलशास्त्राला बेसेल मिळवून दिला हीच आपली सर्वांत मोठी सेवा, असे ते म्हणत.

ओल्बर्स 1840 च्या मार्चमध्ये निवर्तले. त्याच वर्षी बेसेल यांचा तरुण मुलगाही गेला. बेसेल यांचा मृत्यू 1846 मध्ये झाला. या मित्रांचा पत्रसंग्रह बेसेल यांचे जावई अडोल्फ एर्मान यांनी 1852 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला.

तो तारा आपल्याकडूनही दिसतो. ऑक्टोबरच्या संध्याकाळी, शहराच्या दिव्यांपासून दूर, हंसातील ठळक डेनेब ताऱ्याच्या आसपास तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवतो. लहान दुर्बिणीतून पाहिले तर एकाच्या जागी नारिंगी रंगाचे दोन तारे दिसतात.