मायना कोणी लिहावा?

पत्रलेखन शिकविताना आम्ही वर्गात पहिला तास केवळ मायन्यास देत असू. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, परक्या गृहस्थास ‘श्रीयुत’, सुवासिनीस ‘सौभाग्यवती’. मुलांस हा खटाटोप निरर्थक वाटे. “गुरुजी, मजकूर बरोबर असला म्हणजे झाले ना?” असे एकाने विचारलेही होते. आम्ही त्यास सांगितले की, मजकुरात तुला काय हवे ते असते. समोरचा कोण आहे हे तुला ठाऊक आहे की नाही, ते मायन्यात दिसते. निवृत्तीनंतर या साध्या धड्याची उजळणी एका यंत्राच्या निमित्ताने करावी लागेल, हे मात्र आमच्या ध्यानीमनी नव्हते.

आमची पाली हे बल्लाळेश्वराचे क्षेत्र. अष्टविनायकांच्या यात्रेस निघालेली मंडळी येथे दर्शन घेतात आणि परतताना देवळाच्या वाटेवरील दुकानांतून पोह्याचे पापड, मिरगुंडे, कोकम अशा जिनसा नेतात. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी हाच धंदा आहे. आई व पत्नी पापड लाटतात. तो हिशेब आणि गिऱ्हाईक पाहतो. यात्रेकरूंची वर्दळ कमी झाली की विक्री मंदावते, म्हणून गेल्या पावसाळ्यात त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेतले. मागणीची जुनी वही आणि एका लॉजमधून मिळविलेली यात्रेकरूंची यादी त्याने यंत्राच्या स्वाधीन केली व प्रत्येकास नावानिशी निरोप धाडण्याचे काम त्यावर सोपविले. एका रात्रीत शेकडो निरोप गेले.

त्यांतील एक आमच्या घरी आला. “सौ. काकू, मागच्या खेपेचे पापड आपणांस आवडले ना? या गणपतीस किती पाठवू?” निरोप आमच्या कुटुंबाच्या फोनवर होता. त्यांस जाऊन दोन वर्षे होत आली. फोन बंद करणे आमच्याने अद्याप झालेले नाही. पुण्यास बहिणीकडे धाडण्यासाठी त्या दरवर्षी पापड नेत, म्हणून वहीत त्यांचे नाव होते. भाषा निर्दोष होती, विचारपूस गोड होती. क्षणभर वाटले, कोणीतरी त्यांची आठवण ठेवली आहे. मग ध्यानात आले की, कोणीच ठेवलेली नाही. दहाव्या दिवशी नदीवर हाच विद्यार्थी आमच्या शेजारी उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो ओशाळून आला आणि म्हणाला, “गुरुजी, ते मी लिहिले नाही, यंत्राने लिहिले.” आम्ही रागावलो नाही, त्यास केवळ विभक्तीची आठवण दिली. ‘रामाने कुऱ्हाडीने झाड तोडले’ या वाक्यात कुऱ्हाड हे करण आहे, कर्ता राम. झाड कोणाचे होते असा प्रश्न निघाला तर उत्तर रामासच द्यावे लागते. यंत्र कितीही चतुर असो, ते करणच राहते.

या यंत्रांची रचना समजून घेतली म्हणजे असे का घडते ते कळते. अफाट मजकूर पचवून, कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते शिकलेले असते. जुन्या गिऱ्हाइकास लिहावयाचे म्हटले की ‘मागच्या खेपेचे पापड आवडले ना?’ हे वाक्य त्यास सहज सुचते. ती खेप खरी केव्हा होती, ते माणूस हयात आहे की नाही, याचा शोध ते आपण होऊन घेत नाही. सर्व मायने त्यास मुखोद्गत आहेत. कोणता कोणास लागू हे त्यास कोणीतरी सांगावे लागते.

गिऱ्हाईक शोधणे यात काही गैर नाही. नावांची नोंद ठेवणे तर आपल्याकडे फार जुने. त्र्यंबकेश्वरी आमच्या उपाध्यायांनी बाड उघडले, तेव्हा त्यात आमच्या आजोबांची सही निघाली. ती नोंद यजमान स्वतःच्या हाताने करून देतो. कोठून उचलून आणलेली नसते. आणि बाड उघडताच उपाध्याय प्रथम विचारतात, मागील खेपेनंतर घरात कोण जन्मले, कोण गेले? दक्षिणेची गोष्ट त्यानंतर. नोंद ठेवण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाही.

व्यापारातही असेच एक उदाहरण आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची माहिती लोकांस व्हावी म्हणून शं. वा. किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक काढले. पुढे त्याचेच महाराष्ट्रातील घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले. वाचकास आधी उपयोगाचे काही दिले, म्हणून त्याने दार उघडले. याउलट ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या गॅरी थ्युर्क नामक विक्रेत्याने तेथील संगणकजाळ्यावरील सुमारे चारशे जणांस न विचारता एकच जाहिरात धाडली. तिच्यामुळे काही यंत्रे खपली खरी, पण तक्रारीही उसळल्या. आजच्या उपद्रवी निरोपांचे मूळ म्हणून तिचा उल्लेख होतो.

कायद्यानेही आता यात लक्ष घातले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार, ज्यास व्यापारी फोन व लघुसंदेश नकोत त्यास १९०९ या क्रमांकावर तशी नोंद करता येते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. त्याचे सार असे की, संमती मोकळेपणाने व विशिष्ट कामापुरती घ्यावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच काढून घेणेही सोपे असावे. व्हॉट्सॲपही व्यापाऱ्यांस आधी संमती घेण्यास सांगते व सरसकट निरोप धाडणारे खाते बंद करते. व्यावसायिक ओळखींसाठी असलेल्या लिंक्डइनवर स्वयंचलित साधनांनी लोकांची माहिती उपसण्यास मनाई आहे.

मग यंत्र टाकून द्यावे काय? तसे आम्ही म्हटले नाही. ओटीवर बसून आम्ही दोघांनी कामाची वाटणी केली. मागण्यांची वर्गवारी, उधारीची आठवण, हिशेब, गुजराती वा कानडी गिऱ्हाइकासाठी मजकुराचे भाषांतर, पत्राचा कच्चा खर्डा, ही कामे यंत्राची. रात्री-अपरात्री कोणी भाव विचारला तर यंत्राने उत्तर द्यावे. मात्र आपण यंत्र आहो हे पहिल्याच ओळीत सांगावे. यादीत नाव कोणाचे असावे, मायना कोणता घालावा आणि निरोप धाडावा की नाही, हे ठरविणे माणसाचे. न घडलेली ओळख घडल्याचे भासवू नये. ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी खोडावे. एका दिवशी तितकेच निरोप जावेत, जितक्या उत्तरांस घरचे माणूस तोंड देऊ शकेल.

लॉजची यादी त्याने आमच्यासमोर पुसून टाकली. ती देण्याचा अधिकार लॉजवाल्यास नव्हता आणि घेण्याचा त्यालाही नव्हता. जुनी वही घेऊन तो आईजवळ बसला. माउलीने एकेका नावावर बोट ठेवून सांगितले: या कोकम नेत, यांची मुलगी नाशिकास दिली, हे गृहस्थ गेले. उरलेल्यांस त्याने एकच ओळ लिहिली, आपणांस आमच्याकडील खबर कळवीत जाऊ काय? वही निम्म्याहून कमी झाली. पुष्कळांनी उत्तरच दिले नाही, त्याचे त्यास वाईटही वाटले. या वर्षी विक्री किती होईल हे तो सांगू शकत नाही. पण ज्यांनी होकार दिला, त्यांतील काहींनी आईची प्रकृती विचारली.

जाताना त्याने वही आमच्यापुढे धरली. कुटुंबाचे नाव आम्ही आमच्या हाताने खोडले, खाली आपले लिहिले, आणि पुण्यास मेहुणीकडे दरवर्षीप्रमाणे पापड धाडण्यास सांगितले.