बोहाड्याच्या फोटोंचं बारसं

होळीच्या आगेमागे मोखाडा-जव्हारकडे बोहाडा रंगतो. जगदंबेचा हा उत्सव. अंधार पडला की संबळ आणि सनई सुरू होते, टेंभे पेटतात आणि मुखवटे चढवलेली सोंगं एकेक करून नाचत पुढे येतात. गणपती येतो, सरस्वती येते, रामायण-महाभारतातली पात्रं येतात. देवी आणि महिषासुराची झुंज होईपर्यंत रात्र सरत आलेली असते. अशा रात्री दोन कॅमेरे आणि चार-पाच मोबाईल हाती असले, तर सकाळी सहज दोन हजार फोटो जमतात. नावं काय, तर डीएससी_४१२७, आयएमजी_०९८३. त्यातला गणपती कुठला आणि रावण कुठला, कळायला मार्ग नाही.

कॅमेऱ्याने अशी रूक्ष नावं द्यावीत, हे १९९८ साली जपानमध्ये ठरलं. कुठल्याही कंपनीचं कार्ड कुठल्याही यंत्रात वाचता यावं म्हणून एक मानक आलं, डीसीएफ. चार अक्षरं आणि त्यापुढे चार आकडे, ०००१ ते ९९९९. एकूण आठच जागा, कारण मुळात डॉसच्या जमान्यातल्या फाईलच्या नावाला आठ अक्षरं आणि शेपटीला तीन एवढीच मुभा होती. ९९९९ झाले की कॅमेरा पुन्हा ०००१ वर येतो. म्हणजे बरीच वर्षं फोटो काढणाऱ्याकडे एकाच नावाचे तीन-तीन वेगळे फोटो असणार, आणि एका फोल्डरमध्ये टाकताना ते एकमेकांच्या जागेवर बसायला बघणार.

आता खरी नवलाची गोष्ट. दोन हजार फोटो, प्रत्येकी आठ-दहा एमबी, म्हणजे वीस जीबीच्या घरातला ऐवज. तो एका पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यावर न्यायला चहा पिऊन होईल एवढा वेळ जातो. पण त्या सगळ्यांची नावं बदलायला? काही सेकंद. का, तर फोटोचं नाव फोटोत नसतंच! ते असतं फोल्डरच्या नोंदवहीत. तलाठ्याने फेरफार नोंदवला आणि सातबाऱ्यावरचं नाव बदललं, म्हणून शेत जागचं हलत नाही. बांध तिथेच, आंबा तिथेच. इथेही तसंच. कार्डावरच्या जुन्या फॅट पद्धतीत एका फाईलची मूळ नोंद अवघी ३२ बाइटची, त्यातले ११ नावाचे. त्या नोंदीतच लिहिलेलं असतं की फोटो कार्डाच्या कुठल्या भागातून सुरू होतो. नाव बदलताना संगणक ही नोंद तेवढी नव्याने लिहितो. फोटोच्या लाखो ठिपक्यांपैकी एकालाही हात लागत नाही. म्हणून चिमुकल्या चित्राचं नाव बदलायला लागतो तेवढाच वेळ तासभराच्या व्हिडिओलाही. मला हे दर वेळी तितकंच विलक्षण वाटतं.

विंडोजमध्ये सगळे फोटो निवडून एफ-टू दाबलं आणि 'बोहाडा' लिहिलं, की क्षणात बोहाडा (१), बोहाडा (२) अशी रांग लागते. मॅकवर २०१४ च्या योसेमिटीपासून ही सोय आहे. पण या रांगेतला क्रम निवडताना समोर जो होता तो. सोंगं ज्या क्रमाने आली तो असेलच असं नाही. आणि नुसते १, २, ३ लिहिले, तर अक्षरांच्या हिशोबाने रांग लावणारी यंत्रं १ नंतर १० आणि १०० घेतात, २ बिचारा फार मागे पडतो. म्हणून ०००१, ०००२ अशी पुढे शून्यं हवीतच.

खरा क्रम मिळतो फोटोच्या पोटात. १९९५ साली आलेल्या एक्झिफ या पद्धतीनुसार कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत काही माहिती लिहून ठेवतो. त्यात फोटो टिपल्याची वेळ असते, वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट-सेकंद, सगळं मिळून २० बाइटांत. फाईलचं नाव कितीही वेळा बदला, ही नोंद तशीच राहते. फिल हार्वे यांनी २००३ पासून घडवत आणलेलं एक्झिफटूल हे मोफत साधन एका आज्ञेत हजारो फोटोंच्या पोटातली वेळ वाचतं आणि तिचंच नाव करतं. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं सात मिनिटांनी पुढेमागे असली, तर एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो सात मिनिटं सरकवूनही देतं. फरक शोधायचा तर दोन्ही कॅमेऱ्यांत आलेला एकच क्षण शोधावा, एखादा टेंभा उंच उडाल्याचा.

बोहाड्याची खरी गंमत मात्र मध्यरात्री सुरू होते. समजा उत्सव ३१ मार्चच्या रात्री आहे. बारा वाजले की कॅमेऱ्यात १ एप्रिल उजाडतो आणि एकच रात्र दोन तारखांत फाटते. नावात दिवस आधी लिहिला असेल तर ०१ म्हणून पहाटेचा महिषासुर रांगेत आधी येतो आणि ३१ म्हणून संध्याकाळचा गणपती शेवटी! वर्ष-महिना-दिवस असं लिहिलं की हा घोळ मिटतो, पण फाटलेली रात्र सांधली जात नाही. आपल्या पंचांगाने हे फार पूर्वी सोडवलंय: वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. रात्र निरखणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांचा दिवसही १९२५ पर्यंत दुपारी बाराला सुरू व्हायचा. तेव्हा नावापुरती प्रत्येक वेळेतून सहा तास वजा करायचे. पहाटे चारचा फोटो आदल्या तारखेत जाऊन बसतो आणि अख्खा बोहाडा एका तारखेखाली येतो. त्यापुढे वेळेच्या क्रमाने अनुक्रमांक.

क्रमांक लावून झाले आणि मग कुणी गणपतीचा राहिलेला फोटो आणून दिला, तर सगळी रांग एकेक घर पुढे सरकवायची. इथे जपून. पुढून सुरुवात केली तर ०००१ चा ०००२ होऊ बघतो, पण ०००२ आधीच तिथे आहे. काही प्रणाली न विचारता जुन्याला पुसून नव्याला जागा देतात, आणि फोटो कायमचा जातो. म्हणून शेपटाकडून निघायचं: आधी २००० चा २००१, मग १९९९ चा २०००. दोन फोटोंची नावं आपसात बदलायची तर तिसरं, तात्पुरतं नाव लागतंच. जाणती साधनं सगळ्यांना आधी तात्पुरती नावं देतात आणि मगच खरी.

व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंपुढे मात्र ही सगळी युक्ती थांबते. फोटो म्हणून पाठवला की पोटातली वेळ गळून पडते, आणि नावातली तारीख फोटो मिळाल्याची असते, टिपल्याची नव्हे. गावातल्या पोरांनी टेंभ्याच्या अगदी जवळून काढलेले फोटो अनेकदा सर्वांत सुंदर असतात. त्यांना आवर्जून सांगावं: डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नाव मराठीतच असावं असं मला मनापासून वाटतं, आणि संगणकाची त्याला काही आडकाठी नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-मात्रा आणि पायमोडसुद्धा, तीन बाइट घेतं. जव्हार, मोखाडा, बोहाडा मोजून पाहा. तिन्हींत सहा-सहा चिन्हं, प्रत्येकी १८ बाइट. लिनक्सवर सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे ८५ चिन्हं. त्यात तारीख, गाव, सोंगाचं नाव आणि शेवटी कॅमेऱ्याने दिलेलं मूळ नाव आरामात मावतं. मूळ नाव राहू द्यावं. कधी माघारी जायचं झालं तर तोच दुवा.

सोंग कुठलं, हे यंत्राला सांगता येणार नाही. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या बोहाडा पाहिलेल्या जाणत्या माणसाशेजारी संगणक घेऊन बसायचं. क्रम खरा लागलेला असला की दोन हजार फोटो दाखवत बसावं लागत नाही. सोंग कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, एवढे दोन क्रमांक तक्त्यात भरायचे: ०००१ ते ००३८ गणपती, ००३९ ते ००७१ सरस्वती. मधल्या सगळ्यांना नाव द्यायचं काम संगणक करतो.